नाव : एका रोजच्या शब्दाची ओळख

रायपूर शहरात राहणाऱ्या मराठी माणसाला आपले नाव तीन भाषांत सांगण्याची सवय झालेली असते. कचेरीच्या खिडकीशी उभे राहिले, की आतून ‘नाम?’ एवढाच प्रश्न येतो. भाजीबाजारात जवळच्या खेड्यातून आलेली एखादी वृद्धा लहान मुलाला ‘तोर नाँव का हे?’ असे छत्तीसगढीत विचारते. संध्याकाळी महाराष्ट्र मंडळात कोणी नवे गृहस्थ भेटले, तर ते ‘आपले नाव?’ असे विचारतात आणि उत्तर ऐकताच ‘म्हणजे मूळचे कुठले?’ असा दुसरा प्रश्न त्याला जोडतात. प्रश्न तीनही वेळा एकच आहे. अपेक्षित उत्तरे मात्र निरनिराळी आहेत. पहिल्याला कागदावरची अक्षरे हवी आहेत, दुसरीला मुलाशी बोलण्यासाठी हाक हवी आहे आणि तिसऱ्याला घराणे व गाव समजून घ्यायचे आहे.

माणसाची ओळख पटविणारा ‘नाव’ हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो, की त्याच्याकडे थांबून पाहण्याचे आपल्याला कारणच पडत नाही. परंतु या शब्दाभोवती मराठीने जे वाक्प्रचार जमविले आहेत, ते एकत्र मांडून पाहिले, तर त्यांतून एक स्पष्ट कल्पना दिसून येते. भाषेच्या दृष्टीने नाव ही माणसाने स्वतःजवळ बाळगावयाची वस्तू नाही. ते दुसऱ्याने ठेवायचे, दुसऱ्याने घ्यायचे आणि दुसऱ्यानेच राखायचे असते. आधुनिक राज्यव्यवहार मात्र प्रत्येकाला आपले नाव आपल्या तोंडाने सांगावयास लावतो. या दोन पद्धतींच्या मधल्या जागेत अनेकांची, विशेषतः स्त्रियांची, नावे हरवली. ती कशी हरवली, हे समजण्यासाठी प्रथम शब्दाकडेच वळले पाहिजे.

शब्दाची घडण

संस्कृत ‘नामन्’ या शब्दापासून प्राकृतांच्या वाटेने मराठी ‘नाव’ आला. दोन स्वरांच्या मध्ये आलेला ‘म’ सैल होत जाऊन त्याचा सानुनासिक ‘व’ होणे, ही या भाषांच्या इतिहासातील नेहमीची घटना आहे. ‘ग्राम’चे गाव झाले, ‘आमलक’चा आवळा झाला, ‘श्यामल’चा सावळा झाला, त्याच रीतीने ‘नाम’चे नाव झाले. छत्तीसगढीतील ‘नाँव’ हे रूप याच वाटेवरचे आहे आणि ते आपल्या जुन्या ‘नांव’ या रूपाशी जवळजवळ जुळते. आजच्या प्रमाण हिंदीने गावासाठी ‘गाँव’ ठेवले, परंतु नावासाठी मात्र संस्कृत वळणाचे ‘नाम’ पसंत केले. त्यामुळे रायपूरच्या मराठी माणसाला हा शब्द शेजारच्या खेडुताच्या तोंडी अधिक ओळखीचा वाटतो, ही गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. शब्दाचे दूरचे नातेवाईकही पुष्कळ आहेत. फारसी ‘नाम’, लॅटिन ‘नोमेन’, इंग्रजी ‘नेम’ हे सर्व एकाच प्राचीन मुळाचे अंकुर होत.

मराठीत ‘नाव’ हा आणखी एक शब्द आहे. तो ‘नौ’ या संस्कृत शब्दापासून आला असून त्याचा अर्थ होडी असा होतो. पूर्वी पहिल्या शब्दावर अनुस्वार देऊन ‘नांव’ असे लिहीत, त्यामुळे दोहोंतील भेद डोळ्यांना दिसत असे. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले आणि दोन्ही शब्द कागदावर सारखेच झाले. तरी बोलणाऱ्याची फसगत होत नाही, कारण लिंग वेगळे आहे. नाव बुडाली, तर होडी गेली. नाव बुडाले, तर अब्रू गेली.

ठेवणे, घेणे, काढणे

नावाबरोबर येणारी क्रियापदे पाहिली, म्हणजे या शब्दाचा खरा विस्तार ध्यानात येतो. बाराव्या दिवशी बारशाला बाळाचे नाव ठेवतात. पण तेच नाव अनेकवचनात गेले, की अर्थ उलटतो. ‘लोकांना नावे ठेवणे’ म्हणजे त्यांचे दोष काढणे. एका वचनाच्या फरकाने आशीर्वादाची निंदा व्हावी, हे नवल खरेच. पण दोन्ही क्रियांत साम्य असे, की त्या दुसऱ्याने करावयाच्या आहेत. आपले नाव आपण ठेवीत नाही आणि आपल्याला नावे ठेवणारेही आपण नसतो.

‘नाव घेणे’ या प्रयोगाच्या छटा याहूनही अधिक आहेत. एखाद्याचे कृतज्ञतेने नाव घेतात. रागावलेला माणूस ‘त्याचे नावसुद्धा घेऊ नकोस’ असे बजावतो. पाऊस थांबण्याचे नाव घेत नाही, असे म्हणताना निर्जीव गोष्टीलाही हा प्रयोग लागू होतो. आणि लग्नाच्या पंक्तीत नववधूला ‘नाव घे’ असा आग्रह होतो, तेव्हा पतीचे नाव उखाण्यात गुंफून म्हणावयाचे असते. एरवी जे नाव तिने उच्चारावयाचे नाही, ते पद्याच्या आडोशाने एकदाच सर्वांसमक्ष उच्चारावयाचे, अशी ती सोय आहे.

‘नाव काढणे’ म्हणजे उल्लेख करणे, तसेच कीर्ती मिळविणेही. ‘मुलाने बापाचे नाव काढले’ या वाक्यात कर्तृत्व मुलाचे आणि नाव बापाचे, असा हिशेब आहे. ‘नाव राखणे’, ‘नाव बुडविणे’ यांतही बहुधा घराण्याचेच नाव अभिप्रेत असते. ‘तुझे नाव सांगेन’ ही शाळकरी मुलांची धमकी सर्वांच्या परिचयाची आहे. येथे नाव सांगणे म्हणजे गाऱ्हाणे करणे. मुलाला शाळेत पाठवू लागले, म्हणजे त्याचे नाव घातले; शाळा सुटली, म्हणजे नाव कमी झाले. संबंध तोडला, तर ‘त्याने माझे नाव टाकले’ असे म्हणतात आणि तो कायमचाच तोडला, तर त्याच्या नावाने आंघोळ करतात, म्हणजे तो मेला असे समजतात. राग अनावर झाला, तर नावाने बोटे मोडतात. दोष दुसऱ्यावर ढकलावयाचा, तर त्याच्या नावाने खडे फोडतात.

व्यापाऱ्याच्या वहीतही हा शब्द ठाण मांडून बसला आहे. आलेली रक्कम ‘जमा’ आणि ज्याच्याकडून येणे आहे, त्याच्या खाती लिहिलेली रक्कम ‘नावे’. वहीत नाव चढणे म्हणजे देणे लागणे. जमीन, घर यांच्या बाबतीत मात्र ‘नावावर असणे’ म्हणजे मालकी असणे. म्हणजे एकच शब्द कर्जदारालाही चिकटतो आणि मालकालाही. या दोन्ही अर्थांच्या मुळाशी कागद आहे. ज्याचे नाव कागदावर, त्याच्यावर हक्काचा किंवा जबाबदारीचा भार.

नाव आणि गुण यांत अंतर पडू शकते, याचीही जाणीव लोकांनी ठेवली आहे. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण त्याच अनुभवातून आली. ‘नावापुरता’, ‘नावाला’ हे शब्द तर नाव असूनही वस्तू नसल्याची कबुली देतात. उलट ‘नावारूपाला येणे’ या प्रयोगात नावाला रूपाची जोड मिळाल्याचे समाधान आहे.

नाव आणि नाम

हिंदीतून मराठीत भाषांतर करणाऱ्याला हा शब्द पावलोपावली अडवितो. हिंदीला ‘नाम’ या एकाच शब्दाने जे भागविता येते, त्यासाठी मराठीला दोन शब्द आहेत. माणसाला नाव असते आणि देवाला नाम. नामस्मरण, नामसंकीर्तन, नामाचा महिमा, असे आपण म्हणतो. ‘नावस्मरण’ असे कोणी म्हणत नाही. वारकरी परंपरेने ‘नाम’ हा शब्द असा उचलून धरला, की तो घरगुती वापरातून बाजूला झाला. व्याकरणाने त्याला आपल्याकडे ठेवून घेतले आणि ‘नाम’, ‘सर्वनाम’ अशा संज्ञा केल्या. उरलेले रोजचे काम ‘नाव’ करीत राहिले.

काही शब्द तर सारखे दिसून फसवितात. मराठीत ‘नामांकित’ म्हणजे प्रसिद्ध. हिंदीत तोच शब्द नेमलेल्या किंवा नाव सुचविलेल्या माणसाला लागतो. हिंदी वृत्तपत्रातील ‘नामांकन’ म्हणजे निवडणुकीचा उमेदवारी अर्ज. मराठीत त्यासाठी ‘नामनिर्देशन’ हा शब्द रूढ आहे. सर्वांत बोलके उदाहरण ‘नामांतरण’ या शब्दाचे आहे. छत्तीसगढच्या महसूल कचेरीत जमिनीच्या नोंदीत एका मालकाच्या जागी दुसऱ्याचे नाव चढविण्याला नामांतरण म्हणतात. महाराष्ट्रातील तलाठी त्याला फेरफार म्हणतो. मराठी वाचकाच्या मनात मात्र ‘नामांतर’ म्हटले, की मराठवाडा विद्यापीठाची आठवण उभी राहते. त्या विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने १९७८ मध्ये केला आणि प्रत्यक्ष नाव बदलले ते १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या सोळा वर्षांत या एका शब्दापायी लोकांनी घरे आणि प्राण गमावले. शेवटी जुने नाव कायम ठेवून त्याआधी नवे जोडले गेले, म्हणून त्याला ‘नामविस्तार’ म्हटले गेले. नाव म्हणजे केवळ खूण नव्हे, याचा याहून मोठा पुरावा शोधण्याची गरज नाही.

नावाची रचना

महाराष्ट्रात पूर्ण नाव तीन भागांचे असते. पहिले स्वतःचे, दुसरे वडिलांचे किंवा पतीचे, तिसरे आडनाव. ही पद्धत सर्वत्र नाही. आइसलंडमध्ये आजही बहुतेकांना आडनाव नसते. वडिलांच्या किंवा आईच्या नावाला मुलगा अथवा मुलगी या अर्थाचा शब्द जोडून ओळख पुरी होते. तमिळनाडूत वडिलांच्या नावाचे आद्याक्षर आपल्या नावाआधी लिहितात. हिंदी प्रदेशात वडिलांचे नाव हे मुलाच्या नावाचा भाग मानले जात नाही. अर्जात त्यासाठी ‘पिता का नाम’ असा निराळा रकाना असतो.

रायपूरच्या मराठी कुटुंबांची पंचाईत येथेच होते. तीन भागांचे नाव दोन भागांच्या रकान्यात बसत नाही. प्रस्तुत लेखकाच्या घरातील कागदपत्रांत एकाच व्यक्तीच्या नावाची तीन रूपे आहेत. एकात वडिलांचे नाव आडनाव समजून खरे आडनाव गाळले आहे, एकात वडिलांचे नाव दोन वेळा आले आहे, आणि एकात ‘राव’ हा आदरार्थी शब्द तोडून स्वतंत्र लिहिला आहे. माणूस एकच, पण ते सिद्ध करण्यासाठी प्रतिज्ञापत्र करावे लागले.

असे असले, तरी या शहराने मराठी नावे आपल्या बोलण्यात सहज सामावून घेतली आहेत. अठराव्या शतकात छत्तीसगढ नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली आले. बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहत. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, तरी येथे आलेली घराणी राहून गेली. ‘तात्यापारा’ या मोहल्ल्याच्या नावात मराठी घरातला ‘तात्या’ आजही नांदतो. ‘लाखेनगर’ म्हणणाऱ्या सर्वांनाच सहकारी चळवळीतील वामनराव लाखे ठाऊक असतील, असे नाही. ‘सप्रे शाला’ ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले आणि पुढे समर्थांचा दासबोध व लोकमान्यांचे गीतारहस्य हिंदीत आणले. माणसे गेली, त्यांचे कार्यही पुष्कळांच्या स्मरणातून गेले. परंतु रिक्षावाला दिवसातून दहा वेळा त्यांची नावे घेतो. ‘नाव मागे राहणे’ या प्रयोगाचा अर्थ असा शब्दशः पाहावयास मिळतो.

नावात राहिलेला काळ

छत्तीसगढच्या खेड्यांतील जुनी नावे ऐकली, म्हणजे नाव आणखी एक काम करीत होते, हे कळते. सोमारू, मंगलू, बुधराम, इतवारी ही नावे जन्माचा वार सांगतात. चैतू, फागूराम ही महिना सांगतात. दुष्काळात जन्मलेला तो दुकालू. मध्य प्रांतात १८९६–९७ आणि १८९९–१९०० असे दोन भीषण दुष्काळ लागोपाठ पडले. अशा काळात जन्मलेल्या मुलाचे वय काढण्यासाठी कागदाची आवश्यकता नव्हती. जन्माचा दाखला नसलेल्या समाजात नाव हाच दाखला होता.

काही नावे मुलाला वाचविण्यासाठी ठेवीत. मुले जगत नसतील, तर नवजात बालकाला नाममात्र किमतीला दुसऱ्याला विकून परत विकत घेत आणि त्याचे नाव ‘बिसाहू’ ठेवीत; ‘बिसाना’ म्हणजे विकत घेणे. महाराष्ट्रातील धोंडू, दगडू, केरू, भिकू ही नावे याच जातीची आहेत. ज्याला आईबापच दगड किंवा केर म्हणतात, त्याच्याकडे मृत्यूची नजर जाणार नाही, अशी ती समजूत होती. वरून कठोर वाटणाऱ्या या नावांत माया दडलेली असे.

परंतु प्रत्येक कठोर नाव मायेपोटी ठेवलेले नसते. सातारा जिल्ह्यात मुलीवर मुली झाल्या, की शेवटच्या मुलीचे नाव ‘नकुसा’ किंवा ‘नकुशी’ ठेवण्याची चाल होती. नको असलेली, असा तिचा सरळ अर्थ. असे नाव ठेवले, म्हणजे पुढचा मुलगा होतो, अशी समजूत. ही मुलगी शाळेत हजेरी देताना रोज सकाळी, मी नकोशी आहे, या वाक्याला ‘हजर’ म्हणत असे. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा येथे जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने एक समारंभ झाला आणि २८५ मुलींना नवी नावे मिळाली. दगडू हे नाव मुलाला मृत्यूपासून लपविण्यासाठी होते. नकुसा हे नाव मुलीला तिचे स्थान सांगण्यासाठी होते. दोहोंना एका मापाने मोजता येणार नाही.

नाम धारण करणारे

नाव दुसरे ठेवतात, हे खरे. मग ठेवलेले नाव अपमानाचे असेल, तर माणसाने काय करावे? छत्तीसगढच्या इतिहासाने या प्रश्नाला दोन संस्मरणीय उत्तरे दिली आहेत.

पहिले उत्तर गुरू घासीदासांचे. १७५६ मध्ये गिरौदपुरी येथे जन्मलेल्या या संताने मूर्तिपूजा आणि जातिभेद नाकारून ‘सतनाम’, म्हणजे खरे नाम, हाच धर्म सांगितला. त्यांच्या अनुयायांतील बहुसंख्य लोक अस्पृश्य मानले गेलेले होते. त्यांनी जातीचे, इतरांनी तुच्छतेने उच्चारलेले नाव बाजूला सारून ‘सतनामी’ हे नाव स्वीकारले. देवाच्या नामातून माणसांनी आपले नाव घडविले.

दुसरे उत्तर रामनामी समाजाचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चारपारा गावच्या परशुराम यांच्यापासून ही परंपरा सुरू झाली, असे मानतात. ज्यांना देवळाचे दार बंद होते, त्यांनी रामाचे नाम आपल्या अंगावरच गोंदवून घेतले. काहींनी तर कपाळापासून पायापर्यंत. त्यांची ओढणीही त्याच दोन अक्षरांनी भरलेली असते. देऊळ नाकारता येते, मूर्ती दुरून दाखविता येते; पण कातडीवर लिहिलेले नाम कोण काढून घेणार? नखशिखान्त गोंदवून घेतलेली माणसे आता थोडीच उरली आहेत. त्यांच्याकडे केवळ कुतूहलाने पाहणे योग्य नव्हे. नावावर हक्क सांगण्याची ती एक अहिंसक आणि कायमची रीत होती.

न सांगितलेले नाव

आता लेखाच्या आरंभी केलेल्या विधानाकडे परत येऊ. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची, म्हणजे १९५१–५२ ची, मतदारयादी तयार होत होती. सतरा कोटींहून अधिक मतदारांची नावे घरोघर जाऊन लिहावयाची होती. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे एक अनपेक्षित अडचण आली. कित्येक ठिकाणी स्त्रिया आपले नाव सांगेनात. कोणी ‘अमक्याची आई’ असे लिहावयास सांगितले, कोणी ‘तमक्याची बायको’ असे. परक्या पुरुषाला आपले नाव सांगणे त्यांच्या रीतीत बसत नव्हते. आयोगाने ठरविले, की मतदाराची नोंद त्याच्या स्वतःच्या नावानेच झाली पाहिजे. नावे दुरुस्त करून घेण्यासाठी काही ठिकाणी मुदतही वाढविली. तरीही अखेर सुमारे आठ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख स्त्रियांच्या नोंदी गाळाव्या लागल्या. त्यांतील बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत आणि विंध्य प्रदेश या राज्यांतील होत्या. रायपूर त्या वेळी नागपूर ही राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात होते. विंध्य प्रदेश त्याचा शेजारी.

या घटनेकडे अडाणीपणाचा नमुना म्हणून पाहणे सोपे आहे. पण ज्या भाषांत नाव दुसऱ्याने ‘घ्यायचे’ असते, त्या भाषांत वाढलेल्या स्त्रीला स्वतःचे नाव स्वतः सांगण्याचा प्रसंग आयुष्यात कितीदा आला असेल, याचा विचार केला पाहिजे. माहेरी ती अमक्याची लेक, सासरी तमक्याची सून, पुढे कोणाची तरी आई. महाराष्ट्रात तर लग्नात ताटातील तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहून माहेरचे नावच बदलण्याची चाल होती. त्या स्त्रियांना नाव नव्हते, असे नव्हे. त्या नावाला व्यवहारात जागा नव्हती. आयोगाचा निर्णय त्या वेळी २८ लाख जणींना मताला मुकविणारा ठरला, हे दुःखद आहे. पण तो चुकीचा होता, असे म्हणवत नाही. अमक्याची बायको या नात्याने मत देता येत नाही. मत देण्यासाठी आधी नाव असावे लागते आणि ते आपले असावे लागते.

त्यानंतर कायद्याने आणि समाजाने काही पावले टाकली आहेत. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमानुसार जन्माची नोंद नावावाचूनही होऊ शकते. जन्म एकवीस दिवसांत कळवावा लागतो. नाव मात्र बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यापुढे पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येते. म्हणजे राज्याच्या दृष्टीने माणूस आधी आणि नाव मागाहून. बारशाची वाट पाहणाऱ्या समाजाला ही व्यवस्था सोयीची आहे. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःच्या नावापुढे प्रथम आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव, असा क्रम ठरविला. तीन भागांचे मराठी नाव चार भागांचे झाले. ज्यांना इतके दिवस फक्त ‘अमक्याची आई’ म्हटले जाई, त्यांचे नाव आता मुलाच्या नावात उच्चारले जाईल.

मराठी घरांत लग्नातील भांड्यांवर नाव घालण्याची जुनी पद्धत आहे. प्रस्तुत लेखकाच्या घरी तांब्याची एक कळशी आहे. तिच्या गळ्यावर टाचणीने टोचल्यासारख्या ठिपक्यांनी एका मुलीचे नाव कोरलेले आहे. लहानपणी आम्ही भावंडे ते वाचीत असू आणि ही कोण, असे विचारीत असू. कारण त्या नावाने हाक मारताना आम्ही घरात कोणाला ऐकले नव्हते. आजीने एकदा हसून सांगितले, की ते तिचेच माहेरचे नाव. तिला त्या नावाने ओळखणारे शेवटचे माणूस तोपर्यंत जग सोडून गेले होते. रायपूरच्या मतदारयादीत तिचे नाव होते, पण ते सासरचे. माहेरचे तेवढे कळशीवर राहिले.

नाव काय, हा प्रश्न आपण दिवसातून अनेकदा विचारतो आणि उत्तर कानांआड करतो. पुढच्या खेपेला तो विचारताना एवढे ध्यानात ठेवावे, की समोरच्या माणसाचे नाव हे काही अंशी आपल्या स्वाधीन आहे. ते नीट ऐकणे, नीट लिहिणे आणि त्या नावाने त्याला हाक मारणे, हे आपल्याकडे आहे. भाषेने नाव ‘घेण्या’चे काम दुसऱ्यावर सोपविले, ते कदाचित याच विश्वासाने.